क्रोएशियातील मुक्तप्रवेश ज्ञानसंसाधने : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना

संशोधन प्रसिद्ध होणे आणि ते वाचकाच्या हाती पडणे या दोन गोष्टींमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठे अंतर पडत गेले. संशोधनपत्रिकांच्या वर्गण्या वाढल्या. ग्रंथालयांची अंदाजपत्रके त्या प्रमाणात वाढली नाहीत. सार्वजनिक निधीतून झालेले संशोधन विद्यापीठांना पुन्हा सार्वजनिक निधीतूनच विकत घ्यावे लागू लागले. या परिस्थितीला उत्तर म्हणून २००२ मध्ये बुडापेस्ट येथून आणि २००३ मध्ये बर्लिन येथून मुक्त प्रवेशाची जाहीर निवेदने प्रसिद्ध झाली. संशोधनपर लेख कोणालाही विनामूल्य वाचता यावा, उतरवून घेता यावा आणि मूळ लेखकाला श्रेय देऊन त्याचा पुढे उपयोग करता यावा, हा या संकल्पनेचा गाभा होय.

या विषयाची चर्चा बहुधा मोठे देश, मोठ्या प्रकाशनसंस्था आणि इंग्रजी पत्रिका यांच्या अनुषंगाने होते. मर्यादित भाषकसंख्या असलेल्या देशापुढील प्रश्न मात्र निराळा असतो. परदेशी पत्रिका महाग आहेत एवढीच त्याची अडचण नसते. आपल्या पत्रिका देशाबाहेर पोहोचत नाहीत आणि देशातही त्यांना पुरेसा वाचक मिळत नाही, ही त्याची अधिक मूलभूत अडचण असते. २०२१ च्या जनगणनेनुसार ३८,७१,८३३ लोकसंख्या असलेला क्रोएशिया हा असाच एक देश आहे. मुक्त प्रवेशाच्या क्षेत्रात त्याने केलेले काम त्याच्या आकाराच्या मानाने लक्षणीय आहे. प्रस्तुत लेखात या कामाची रचना, त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा यांची चिकित्सा केली आहे. क्रोएशियाने वाचकापुढील दार उघडण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. परंतु त्या दारातून आत काय यावे हे ठरवणारी सूत्रे संशोधकांच्या मूल्यमापनाच्या नियमांत राहिली आणि त्या नियमांचे तोंड दुसऱ्या दिशेला आहे, असे या चिकित्सेतून दिसून येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

क्रोएशियातील विद्वत्प्रकाशनाची परंपरा एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रीय जागृतीशी निगडित आहे. १८४२ मध्ये झाग्रेब येथे 'मातित्सा' ही साहित्य-संस्कृतीविषयक संस्था स्थापन झाली. बिशप श्ट्रोसमायर यांच्या पुढाकाराने १८६१ मध्ये विज्ञान व कला अकादमीच्या स्थापनेचा निर्णय झाला आणि १८६७ पासून तिचे 'राद' हे नियतकालिक निघू लागले. वनविद्येला वाहिलेले 'शुमार्स्की लिस्त' हे नियतकालिक १८७७ पासूनचे आहे. वनस्पतिशास्त्राची झाग्रेब विद्यापीठातील पत्रिका १९२५ मध्ये, तर आज 'क्रोआटिका केमिका आक्टा' या नावाने ओळखली जाणारी रसायनशास्त्राची पत्रिका १९२७ मध्ये सुरू झाली. प्रथम ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात आणि नंतर युगोस्लाव्हियाच्या संघराज्यात असताना या पत्रिकांनी दोन कामे केली. देशात संशोधन होते याची साक्ष त्यांनी दिली आणि आपल्या भाषेत शास्त्रीय विवेचन करता येते हेही सिद्ध केले.

या पत्रिकांचा प्रसार मुख्यतः संस्थांमधील देवाणघेवाणीवर चाले. एका अकादमीने आपला अंक पाठवावा आणि दुसरीने त्याबदली आपला पाठवावा, अशी ती पद्धत होती. खप थोडा, प्रती मोजक्या आणि त्या ठरावीक इमारतींत साठवलेल्या. अशा व्यवस्थेची नाजूक बाजू १९९१ च्या युद्धात उघड झाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी दुब्रॉव्हनिकवर झालेल्या तोफांच्या माऱ्यात तेथील आंतरविद्यापीठीय केंद्राची इमारत जळाली आणि तिच्यासोबत केंद्राचे ग्रंथालयही नष्ट झाले. ज्ञानाची प्रत एकाच ठिकाणी असणे म्हणजे ती कधीही हरवू शकणे, हा धडा तेथील ग्रंथालयशास्त्राला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक कठोरपणे मिळाला.

याच युद्धकाळात, १९९२ मध्ये, 'क्रोएशियन मेडिकल जर्नल' हे वैद्यकीय नियतकालिक इंग्रजीतून निघू लागले. मात्को मारुशिच आणि आना मारुशिच या त्याच्या संपादकांनी छोट्या देशांतील पत्रिकांच्या अडचणीचे जे विश्लेषण केले, ते पुढील विवेचनाला आधारभूत ठरते. छोट्या देशातील पत्रिकेकडे चांगले लेख येत नाहीत, म्हणून ती आंतरराष्ट्रीय सूचींत येत नाही. सूचीत नाही, म्हणून तिला वाचक आणि उद्धरणे मिळत नाहीत. आणि उद्धरणे मिळत नाहीत, म्हणून चांगले लेखक तिच्याकडे फिरकत नाहीत. अपुरेपणाच्या या दुष्टचक्राला कोठे तरी छेद देणे आवश्यक होते. मुक्त प्रवेश हा असा छेद ठरू शकतो, ही अपेक्षा पुढील दशकातील प्रयत्नांमागे होती.

'हर्चाक' : रचना आणि कार्यपद्धती

या प्रयत्नांच्या केंद्रस्थानी 'हर्चाक' हे क्रोएशियन संशोधनपत्रिकांचे राष्ट्रीय पोर्टल आहे. ते २००६ मध्ये खुले झाले. हर्चाक म्हणजे हॅम्स्टर, म्हणजेच गालांच्या पिशव्यांत दाणे साठवून नेणारा उंदराच्या कुळातील लहानसा प्राणी. थोडे थोडे वेचून साठवणाऱ्या या प्राण्याचे नाव पोर्टलला शोभून दिसते. झाग्रेब विद्यापीठाच्या संगणक केंद्राने ते उभारले. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राच्या नावाचे संक्षिप्त रूप 'सर्त्से' असे होते आणि क्रोएशियन भाषेत त्याचा अर्थ हृदय असा आहे. माहिती व प्रलेखन या क्षेत्रातील व्यावसायिकांची संघटना या कामात सहभागी होती आणि विज्ञान मंत्रालयाचा त्याला पाठिंबा होता.

हर्चाकची पद्धत साधी आहे. प्रत्येक पत्रिकेचे संपादक मंडळ आपल्या अंकातील लेख स्वतःच पोर्टलवर चढवते. लेखाचे शीर्षक, लेखक, सारांश आणि बीजशब्द यांची नोंद ठरावीक साच्यात केली जाते. बहुतेक ठिकाणी ती क्रोएशियन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असते. नोंदींचा साचा आंतरराष्ट्रीय प्रमाणकांना धरून असल्यामुळे जगभरच्या शोधयंत्रणांना त्या आपोआप गोळा करता येतात. संपादकांना त्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही आणि वाचकाला नावनोंदणीही करावी लागत नाही. आज पाचशेहून अधिक पत्रिका आणि दोन लाखांहून अधिक लेख या एका ठिकाणी उपलब्ध आहेत. चालू अंकांबरोबर अनेक पत्रिकांनी आपले जुने अंकही येथे आणले आहेत.

या रचनेचे वैशिष्ट्य तिच्या अर्थकारणात आहे. पश्चिम युरोपात मुक्त प्रवेशाचा एक मार्ग असा रूढ झाला की वाचकाऐवजी लेखकाने अथवा त्याच्या संस्थेने प्रकाशनाचे शुल्क भरावे. हे शुल्क अनेकदा इतके मोठे असते की गरीब विद्यापीठातील संशोधकाला वाचनाचे दार उघडे आणि लेखनाचे दार बंद असा अनुभव येतो. हर्चाकवरील बहुतेक पत्रिका लेखकाकडूनही शुल्क घेत नाहीत. विद्यापीठाचे विभाग, विद्वत्संस्था आणि व्यावसायिक मंडळे या पत्रिका चालवतात. मंत्रालयाचे अनुदान त्यांना हातभार लावते. तांत्रिक पायाभूत व्यवस्था सार्वजनिक खर्चाने चालते. वाचक आणि लेखक या दोघांनाही निःशुल्क असलेल्या या पद्धतीला युरोपात 'हिरा' हे नाव पडले आणि २०२२ मध्ये तिच्या प्रसारासाठी युरोपीय पातळीवर कृती-आराखडाही तयार झाला. क्रोएशियातील संपादक मात्र तिला असे नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून याच पद्धतीने काम करीत होते, कारण छोट्या देशात व्यापारी प्रकाशकाला रस वाटावा एवढा बाजार मुळातच नव्हता.

हर्चाकच्या पलीकडील संसाधने

हर्चाक एकटे उभे नाही, ही गोष्ट त्याचे मूल्यमापन करताना ध्यानात घ्यावी लागते. झाग्रेबमधील रुजेर बोश्कोविच संस्थेच्या ग्रंथालयाने १९९७ मध्ये 'क्रॉस्बी' ही राष्ट्रीय संशोधनसूची सुरू केली. देशातील संशोधकांनी आपल्या प्रकाशनांची नोंद स्वतः करावी अशी तिची योजना होती; पुढे ती राष्ट्रीय संशोधन-माहिती प्रणालीत सामावली गेली. २०१२ मध्ये मुक्त प्रवेशाविषयीचे राष्ट्रीय घोषणापत्र प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये उच्च शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन विद्यार्थ्यांचे पदवी-प्रबंध सार्वजनिक डिजिटल संग्रहात ठेवणे बंधनकारक झाले. त्या कायद्याच्या अंमलबजावणीला २०१५ मध्ये 'दाबार' या व्यवस्थेचा आधार मिळाला. दाबार म्हणजे बीव्हर, ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. या एका व्यवस्थेवर महाविद्यालये, विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांचे शंभराहून अधिक डिजिटल संग्रह चालतात. प्रत्येक संस्थेने स्वतंत्र यंत्रणा उभारण्याऐवजी एका सामाईक पायावर आपापले दालन थाटावे, हा त्यामागील विचार आहे.

संदर्भग्रंथांच्या बाबतीतही असाच प्रवास झालेला दिसतो. मिरोस्लाव्ह क्र्लेझा कोशसंस्थेने १९९९ ते २००९ या काळात अकरा खंडांत काढलेला 'क्रोएशियन विश्वकोश' २०१३ पासून महाजालावर सर्वांना विनामूल्य खुला झाला. २००६ मध्ये शब्दकोशाचे एक मुक्त पोर्टल सुरू झाले. त्यात एका खाजगी प्रकाशनसंस्थेचे कोश आणि विद्यापीठाच्या संगणक केंद्राचे तंत्रज्ञान एकत्र आले. क्रोएशियन भाषा संस्थेने 'स्त्रुना' हा परिभाषा-संग्रह उभारला. त्यात विविध शास्त्रांतील तज्ज्ञ आणि भाषातज्ज्ञ एकत्र बसून संज्ञा ठरवतात आणि त्या व्याख्येसह सर्वांपुढे ठेवल्या जातात. राष्ट्रीय व विद्यापीठ ग्रंथालयाने २००४ पासून देशातील संकेतस्थळांचे जतन करण्याचे काम हाती घेतले आहे. पत्रिका, प्रबंध, कोश, परिभाषा आणि जतन या पाच अंगांचा एकत्रित विचार केला असता, ही केवळ सुट्या प्रकल्पांची बेरीज नसून एका भाषेच्या ज्ञानव्यवहाराचा पाया घालण्याचा प्रयत्न आहे, असे म्हणता येते.

गुणविशेष

या प्रयत्नाचा पहिला गुण म्हणजे सार्वजनिक मालकी. पोर्टल विद्यापीठाच्या संगणक केंद्राचे आहे. ते उद्या एखाद्या कंपनीला विकले जाईल आणि खुले असलेले लेख पुन्हा कुंपणाआड जातील, ही इतरत्र वाटणारी भीती येथे तुलनेने कमी आहे.

दुसरा गुण वाचकवर्गाच्या विस्ताराचा आहे. क्रोएशियन, बोस्नियन, सर्बियन आणि माँटेनेग्रिन या भाषा बोलणाऱ्यांना एकमेकांचे लेखन बहुतांशी समजते. या चार देशांची लोकसंख्या सुमारे दीड कोटी भरते. युगोस्लाव्हियाच्या विघटनानंतर नव्या सीमा आल्या, चलने बदलली, जकातनाकी उभी राहिली आणि छापील पुस्तकांचा पूर्वीचा सामाईक बाजार मोडला. सारायेव्होतील विद्यार्थ्याला झाग्रेबची पत्रिका मागवणे जिकिरीचे झाले. हर्चाकवर मात्र ती त्याच्यापुढे तत्काळ उघडते. जर्मनी, ऑस्ट्रेलिया, चिली, अर्जेंटिना येथे स्थायिक झालेल्या क्रोएशियन कुटुंबांतील अभ्यासकांनाही तोच लाभ होतो. राजकारणाने तोडलेला वाचकवर्ग मुक्त प्रवेशाने काही अंशी पुन्हा जोडला, ही या पोर्टलची फारशी न बोलली गेलेली कामगिरी आहे.

तिसरा गुण आपत्तीच्या काळात स्पष्ट झाला. २२ मार्च २०२० रोजी झाग्रेबला भूकंपाचा मोठा धक्का बसला आणि शहराच्या मध्यभागातील अनेक जुन्या इमारतींसह अकादमीच्या वास्तूचेही नुकसान झाले. करोनाच्या साथीमुळे शहर आधीच बंद होते. इमारती असुरक्षित आणि ग्रंथालये बंद, अशा दुहेरी संकटात ज्या पत्रिका आधीच खुल्या होत्या त्यांचे वाचन थांबण्याचे कारण उरले नाही. १९९१ च्या दुब्रॉव्हनिकशी याची तुलना केली, तर तीन दशकांत काय साधले याचे मोजमाप मिळते.

मर्यादा

गुणांची ही नोंद केल्यावर मर्यादांकडे वळणे क्रमप्राप्त आहे. पहिली मर्यादा परवान्यांची आहे. लेख विनामूल्य वाचता येणे आणि त्याचा पुनर्वापर करता येणे या भिन्न गोष्टी आहेत. हर्चाकवरील अनेक पत्रिकांनी प्रारंभीच्या काळात आपला मजकूर खुला असल्याचे सांगितले, पण वाचकाने त्याचे पुढे काय करावे हे स्पष्ट केले नाही. त्याचे भाषांतर करता येईल काय, पाठ्यसंग्रहात समावेश करता येईल काय, हे प्रश्न त्यामुळे अनिर्णित राहिले. परवान्याची स्पष्ट भाषा नंतर वाढत गेली असली, तरी जुन्या अंकांच्या बाबतीत ही संदिग्धता सहज दूर होणारी नाही. लेखक हयात नाहीत, करार लेखी नव्हते आणि संस्थांची नावे बदलली आहेत.

दुसरी मर्यादा निवडीची आहे. हर्चाकमध्ये संशोधनपर, व्यावसायिक आणि लोकविज्ञानपर अशा तिन्ही प्रकारच्या पत्रिका शेजारी शेजारी नांदतात. लेखांवरही मूळ संशोधनपर लेख, आढावा-लेख, प्राथमिक निवेदन, व्यावसायिक लेख असे शिक्के असतात. हे वर्गीकरण पत्रिकेचे संपादक आणि परीक्षक करतात. शिक्का तोच असला, तरी त्यामागील कसोटी प्रत्येक पत्रिकेची वेगळी असते. मूळ संशोधनपर असा शिक्का बसलेल्या लेखाचे पदोन्नतीत वजन पडत असल्याने त्या शिक्क्याची ओढ वाढते. छोट्या देशात तज्ज्ञांचे वर्तुळही छोटे असते. एखाद्या विषयाचे अभ्यासक बोटांवर मोजण्याइतके असतात, ते एकमेकांना ओळखतात आणि परीक्षकाचे नाव झाकलेले असले तरी लेखनशैलीवरून ते ओळखू येते. पोर्टल या अडचणीवर उपाय करू शकत नाही. तो त्याचा दोषही नव्हे. परंतु सर्वच खुले असलेल्या ठिकाणी उत्तम आणि सामान्य यांतील भेद वाचकालाच करावा लागतो आणि नवख्या विद्यार्थ्याला ते सोपे जात नाही.

सामान्य दर्जाच्या पत्रिकांना या पोर्टलने जीवदान दिले, असा आक्षेप येथे घेता येईल. त्यात तथ्यांश आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पूर्वी सामान्य लेख कोणाच्या नजरेस पडत नसे आणि त्यामुळे त्याची चिकित्साही होत नसे. आता तो सर्वांपुढे असतो. उचललेला मजकूर ओळखणे, एकच लेख दोन ठिकाणी छापल्याचे लक्षात येणे, जुन्या निष्कर्षाची फेरतपासणी करणे हे सारे खुलेपणामुळे शक्य होते. 'क्रोएशियन मेडिकल जर्नल'ने २००१ मध्ये संशोधनातील सचोटीची जबाबदारी सांभाळणारा स्वतंत्र संपादक नेमला, हे या संदर्भात उल्लेखनीय आहे. खुलेपणा दर्जा निर्माण करीत नाही. दर्जाचा अभाव लपू देत नाही, एवढे मात्र त्याच्या पदरात टाकता येते.

मूल्यमापनाचा पेच

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे आणि ती पोर्टलच्या बाहेर आहे. क्रोएशियातील संशोधकाची नेमणूक आणि पदोन्नती ठरवताना नैसर्गिक विज्ञाने, तंत्रविद्या आणि वैद्यक या शाखांत आंतरराष्ट्रीय उद्धरणसूचींत समाविष्ट असलेल्या पत्रिकांतील लेखांना निर्णायक महत्त्व दिले जाते. मानव्यविद्यांत देशी पत्रिकांची श्रेणी लावून त्यांनाही स्थान देण्यात आले आहे, तरी सूचींचे आकर्षण तेथेही वाढत गेले. या सूची खाजगी कंपन्यांच्या आहेत, त्यांचे वर्गणीदार होण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होतो आणि त्यांत इंग्रजी पत्रिकांचा भरणा आहे.

यातून एक विसंगती निर्माण होते. एकीकडे शासन देशी पत्रिकांना अनुदान देते, त्यांच्यासाठी पोर्टल चालवते, मुक्त प्रवेशाचा पुरस्कार करते. दुसरीकडे तेच शासन आपल्या नियमांद्वारे तरुण संशोधकाला सांगते की तुझे सर्वोत्तम काम या पत्रिकांना देऊ नकोस. संशोधक व्यवहारचतुर असतो. तो उत्तम लेख बाहेर पाठवतो आणि उरलेला देशी पत्रिकेला देतो. मग देशी पत्रिका दुबळी आहे असा निष्कर्ष काढला जातो आणि नियम आणखी कडक केले जातात. मारुशिच यांनी वर्णिलेले दुष्टचक्र मुक्त प्रवेशाने भेदले गेले नाही. वाचकाच्या बाजूने ते सैल झाले, लेखकाच्या बाजूने मात्र तसेच घट्ट राहिले.

हर्चाक प्रत्येक लेखाच्या पानावर त्याला किती भेटी मिळाल्या हे दाखवते. शाळेतील शिक्षक, गावच्या इतिहासाचा हौशी अभ्यासक, दंतवैद्य, वनाधिकारी असे वाचक उद्धरणे देत नाहीत. ते वाचतात आणि आपल्या कामात वापरतात. भेटींचा आकडा हा त्यांच्या अस्तित्वाचा एकमेव पुरावा आहे. पदोन्नतीच्या नियमांत या वाचकाला स्थान नाही. ज्याच्या करातून संशोधन होते तो वाचक हिशेबात नसावा आणि परदेशी उद्धरणकर्ता मात्र असावा, ही स्थिती मुक्त प्रवेशाच्या मूळ हेतूशी विसंगत आहे.

भाषेचा प्रश्न

मूल्यमापनाच्या या पेचाचा परिणाम भाषेवर सर्वाधिक होतो. 'म्ल्येकार्स्त्वो' या दुग्धव्यवसायविषयक पत्रिकेचे उदाहरण बोलके आहे. देशातील दुग्धव्यावसायिकांच्या संघटनेचे हे नियतकालिक १९५१ मध्ये निघाले, तेव्हा त्याचा वाचक क्रोएशियातील दूध संकलन केंद्रांत आणि चीज-कारखान्यांत काम करणारा तंत्रज्ञ होता. आज ही पत्रिका इंग्रजीतून निघते आणि तिला आंतरराष्ट्रीय सूचींत स्थान आहे. पत्रिकेचा हा उत्कर्ष नाकारण्याचे कारण नाही. तथापि ज्या तंत्रज्ञासाठी ती सुरू झाली, त्याला ती आता विनामूल्य उपलब्ध असूनही पूर्वीइतकी सुगम राहिलेली नाही. दार उघडे असते, पण आतली बोली बदललेली असते.

याउलट लोकसंस्कृतीच्या अभ्यासाला वाहिलेल्या 'नारोद्ना उमेत्नॉस्त' या १९६२ पासूनच्या पत्रिकेने निराळा मार्ग धरला. ती वर्षाचा एक अंक क्रोएशियन भाषेत आणि दुसरा इंग्रजीत काढते. दंतवैद्यकाच्या 'आक्टा स्टोमॅटोलॉजिका क्रोआटिका' या १९६६ पासूनच्या पत्रिकेने एकाच लेखाचा मजकूर दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापण्याची पद्धत स्वीकारली. हे दोन्ही मार्ग खर्चिक आहेत. भाषांतर, भाषासंपादन आणि मुद्रितशोधन यांचा भार दुप्पट होतो. परंतु परदेशी तज्ज्ञ आणि देशी व्यावसायिक या दोघांपैकी कोणालाही न सोडण्याचा हाच प्रामाणिक उपाय दिसतो. भाषिक मर्यादेमुळे एखाद्या शास्त्रातील संज्ञा घडणेच थांबले, तर 'स्त्रुना'सारखे परिभाषा-संग्रह कालांतराने केवळ कोशात राहणाऱ्या शब्दांची यादी बनतील. संज्ञा जिवंत राहते ती लेखात वापरली गेल्याने.

मुक्त प्रवेशामुळे छोट्या भाषा आपोआप सबळ होतात, हा समज येथे तपासून घ्यावा लागतो. महाजालावर इंग्रजी लेखही तितकाच खुला असतो आणि त्याचा वाचक कितीतरी अधिक असतो. छापील युगात अंतर आणि किंमत यांनी देशी पत्रिकेला नकळत संरक्षण दिले होते. खुलेपणाने ते संरक्षण काढून घेतले. म्हणूनच मुक्त प्रवेशाच्या धोरणाला भाषाधोरणाची जोड हवी. ती नसेल, तर उत्तम पोर्टल हाताशी असूनही त्यात साठवण्याजोगे दाणे कमी होत जातील.

समारोप

क्रोएशियातील मुक्तप्रवेश ज्ञानसंसाधनांच्या या आढाव्यातून काही निष्कर्ष निघतात. एक, अल्प साधनांच्या देशालाही सामाईक सार्वजनिक यंत्रणेच्या बळावर आपले संशोधन विनामूल्य खुले करता येते. त्यासाठी व्यापारी प्रकाशकाची अथवा लेखकाकडून शुल्क घेण्याची अनिवार्यता नाही. दोन, अशा यंत्रणेचे सातत्य हेच तिचे खरे यश असते. २००६ पासून दोन दशके एक पोर्टल अखंड चालवणे, त्यात अंकामागून अंक भरत राहणे, हे उद्घाटनापेक्षा अवघड काम असून ते तेथील ग्रंथपाल, संगणकतज्ज्ञ आणि बहुधा मानधनाविना राबणारे संपादक यांनी केले आहे. तीन, परवान्यांची स्पष्टता आणि लेखवर्गीकरणाची समान कसोटी या बाबतींत सुधारणेला वाव आहे.

चौथा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. एखाद्या देशाने आपल्या पत्रिकांसाठी दार उघडले आणि आपल्या संशोधकांना मात्र दुसऱ्या दाराशी रांग लावायला सांगितली, तर त्या उघड्या दाराचा उपयोग मर्यादितच राहतो. देशी पत्रिकेतील चांगल्या लेखाला तो चांगला आहे म्हणून श्रेय मिळावे. तो कोणत्या सूचीत आहे यावर ते अवलंबून नसावे. त्यासाठी निवड समित्यांच्या सदस्यांना लेख मोजण्याऐवजी वाचावे लागतील. हे काम वेळखाऊ आहे आणि कोणतेही संगणक केंद्र ते समित्यांच्या वतीने करू शकणार नाही. मर्यादित वाचकवर्ग असलेल्या कोणत्याही भाषेला क्रोएशियाच्या अनुभवातून घेण्याजोगी गोष्ट हीच आहे. लेख खुले करणे हा अर्धा मार्ग झाला. खुल्या केलेल्या लेखाला आपल्याच विद्यापीठात मान देणे हा उरलेला अर्धा मार्ग असून तो अद्याप चालायचा आहे.